इथेनॉल पाण्यात मिसळतं, मग त्याची आग पेट्रोलपेक्षा कमी धोक्याची असते का?

कमी नाही, वेगळ्या धोक्याची असते, आणि बादलीभर पाण्यानं तर ती विझत नाहीच. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेते, शुद्ध इथेनॉलची साधारण 13 अंशांपासून. कागदावर इथेनॉल बरं वाटतं ते यामुळे. पण आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, तिथे हा फरक निरर्थक. पाण्याचं गणितही तसंच: चार भाग पाण्यात एक भाग इथेनॉल असलं तरी ते मिश्रण 36 अंशांच्या आसपास पेटू शकतं, म्हणजे खानदेशातल्या उन्हाळ्यात दुपारी ते जळाऊच समजा. शिवाय बंद टाकीत पेट्रोलची वाफ एरवी इतकी दाट असते की जळायला हवाच पुरत नाही. इथेनॉलची वाफ मात्र नेहमीच्या तापमानाला नेमकी पेटण्याजोगी असते. ज्योत फिकट निळी, धूर जवळपास नाही, त्यामुळे भर उन्हात आग दिसतच नाही (मला सगळ्यात भीती याचीच वाटते). साधा फोम इथेनॉल विरघळवून टाकतं; अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो. छोटी आग असेल तर कोरडी पावडर चालते. एक लक्षात घ्या, हे सगळं शुद्ध इथेनॉलचं, म्हणजे डिस्टिलरी किंवा टँकरपुरतं. पंपावरच्या ई-20 मध्ये 80 टक्के पेट्रोलच असतं, त्याची वाफ पेट्रोलसारखीच पेटते, आणि पाणी मारलंत तर पेट्रोल वर तरंगून आग पसरवतं.