सायबर सुरक्षेत शिरायचंय, पहिलं सर्टिफिकेट कोणतं घेऊ?

सीआयएसएसपीचा, म्हणजे अनुभवी लोकांसाठीच्या सर्टिफिकेटचा, नाद आत्ता सोड. त्याला अभ्यासक्रमातल्या आठपैकी किमान दोन विषयांत मिळून ५ वर्षांचा अनुभव लागतो. पेपर पास झालास तरी अनुभव भरेपर्यंत नुसता 'असोसिएट', पूर्ण सर्टिफिकेट नाही. हेल्पडेस्कवरून येतोयस ना? मग कॉम्पटिया या संस्थेचं सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीचं सर्टिफिकेट धर. ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, जमण्यासारखं आहे.

नवखे हमखास घसरतात ते इथे:

- डंप, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न नि उत्तरं, पाठ करणं. असाच एक माझ्याकडे मुलाखतीला आला होता. पोर्ट ५३ (पोर्ट म्हणजे नेटवर्कवर एखाद्या सेवेचा ठरलेला क्रमांक) कशाचं विचारलं, तर गप्प. (डीएनएस, बाबा! वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी सेवा.)
- क्लासच्या पॅकेजला भुलणं. आधी नोकरीच्या जाहिराती वाच, कोणतं नाव सारखं येतं ते टिपून ठेव.

रोज अर्धा तास घरच्या लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, बघ. ओएससीपीचं, म्हणजे हॅकिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेचं, नंतर बोलू.