बुजणे : माणसासारख्या अवाढव्य पुतळ्यापुढे जे होतं त्याचा शब्द

नांदेडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. शिल्पकार रॉन म्यूकच्या हुबेहूब माणसासारख्या पण अवाढव्य पुतळ्यांची छायाचित्रं पाहिली की पोटात काहीतरी हलतं. त्याला 'भीती' म्हणावं, तर भिण्यासारखं समोर काही नसतं. 'भव्य' हा शब्दही पटत नाही. मग मराठीत म्हणायचं काय?

माझं उत्तर: बुजणे. शब्द तुमच्या शिवारातलाच आहे.

'भव्य'मध्ये आदर आहे, तो इथे लागू नाही. 'अजस्र' संस्कृतात 'अखंड, न थांबणारं' होतं. मराठीत ते 'प्रचंड' झालं, पण नुसतं आकारच सांगतं. त्यातल्या त्यात जवळचा 'अद्भुत'. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहणारा अर्जुन 'अद्भुत' आणि 'उग्र' एका दमात म्हणतो. आज मात्र सूर्यास्तही अद्भुत आणि मिसळही अद्भुत; त्यातलं भय झिजून गेलंय.

आता बुजणे. लहानपणी आमचा लाल कंधारी बैल बांधावर वाळत टाकलेल्या ताडपत्रीपुढे अडला. मी म्हणालो, भ्याला. आजा म्हणाला, "भ्याला न्हाई, बुजला. भ्याला असता तर पळाला असता." खरंच, तो पळाला नव्हता. कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, एक पाऊल मागे, आणि नजर मात्र ताडपत्रीवरून हटत नव्हती. भिण्याला धोका लागतो. बुजायला ओळखीच्या जागी काहीतरी बिनओळखीचं दिसलं तरी पुरतं.

म्यूककडे नेमकं हेच होतं. २००५ च्या 'इन बेड'मधली बाई साडेसहा मीटर लांब आहे. गालाला हात लावून ती अंथरुणात विचार करत पडलीय, आपल्या घरातलं कुणी पडावं तशी. कातडीवरची छिद्रं, शिरा, केस, सगळं ओळखीचं. माप तेवढं परकं. नुसत्या मोठेपणाचा हा परिणाम नाही, कारण १९९६-९७ च्या 'डेड डॅड'मधला मृत बाप जेमतेम मीटरभर लांबीचा आहे, तरी माणूस बुजतोच.

उलट अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात जा. महापरिनिर्वाणातला बुद्ध सुमारे सात मीटर लांब आहे, खाली शोक करणारे शिष्य इवलेसे. तिथे मी कधी बुजलो नाही, शांतच झालो. तो दगड माणूस असल्याचा दावा करत नाही. ती मूर्ती आहे, आणि मूर्तीनं मोठं असावं हे आपल्या डोळ्यांना आधीपासून ठाऊक असतं.

याच कुळातला शब्द म्हणजे बुजगावणं. माणसाच्या आकाराचं, पण माणूस नसलेलं, पाखरांना बुजवायला ज्वारीत उभं केलेलं. म्हणजे बुजवणारा पुतळा आपल्या भाषेत कधीचाच उभा आहे!

वापरताना एक अडचण येईल. 'बुजरा'मुळे शहरी वाचकाला 'मी बुजलो' म्हणजे 'लाजलो' वाटेल, आणि 'खड्डा बुजणे' हे तर वेगळंच क्रियापद आहे. म्हणून 'त्या पुतळ्यापुढे मी बैलासारखा बुजलो' असं लिहा, किंवा 'बुजल्यासारखं झालं'.