लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारे भाग) आणि मोठे टायर लावल्यावर गाडीचं मायलेज खरंच पडतं का?

हो, पडतं, आणि शहरात त्याचा दोष लिफ्टपेक्षा टायरांकडेच जास्त जातो. जड चाक प्रत्येक सिग्नलनंतर नव्याने फिरवायला इंजिनाला जादा जोर लागतो. शिवाय चाकाचा व्यास वाढल्याने पिकअप मरतो, मग पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला जातो. मड-टेरेन (चिखलासाठीचे, खोल खाचांचे) टायर असतील तर बघायलाच नको. उंचीचा फटका हायवेवर बसतो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मात्र हिशेबात एक गफलत हमखास होते: ओडोमीटर चाकाचे फेरेच मोजतो, त्यामुळे २९ ऐवजी ३३ इंची टायर लावले की ओडोमीटरवरच्या १०० किमीला गाडी प्रत्यक्षात सुमारे ११४ किमी धावलेली असते. ही दुरुस्ती केली नाही, तर मायलेज आहे त्याहून वाईट दिसतं.