बडोद्यात आलेली मराठी कुटुंबं किती रुळली, हे मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी महाराष्ट्रातून बडोद्यात आलेल्या मराठी कुटुंबांवर एम.ए.चं डिझर्टेशन करायचं आहे. त्यासाठी "तुम्ही गुजराती संस्कृतीशी किती जुळवून घेतलं आहे?" असा १ ते १० गुणांचा एकच प्रश्न विचारला तर चालेल का?

नाही चालणार. आणि सगळ्यात आधी त्यातलं 'जुळवून घेणं' काढा.

जुळवून घेणं हा आपल्याकडे सद्गुण आहे. सुनेला तो सासरी लागतो, बदलीवाल्याला नव्या गावात लागतो. त्यामुळे उत्तर येतं, "घेतलं ना, घ्यावंच लागतं," आणि कागदावर ८ पडतात. ते ८ रुळल्याचे की सोसल्याचे, हे नंतर कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही. त्यापेक्षा विचारा, "अमुक गोष्ट करताना किती अडचण येते?" अडचण कबूल करण्यात कमीपणा वाटत नाही, म्हणून उत्तर खरं येण्याची शक्यता वाढते.

दुसरी गोष्ट, एका आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. सर्ल आणि वॉर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये न्यूझीलंडमध्ये शिकणाऱ्या मलेशिया-सिंगापूरच्या विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात त्या वेगळ्या केल्या. एक मनाची बाजू: बरं वाटतं का, एकटं वाटतं का. दुसरी व्यवहाराची: बाजार, कार्यालय, शेजार, भाषा जमते का. मकरपुऱ्याच्या कारखान्यात दिवसभर अस्खलित गुजराती बोलणारा माणूस रविवारी संध्याकाळी खिन्न बसलेला असू शकतो. उलट दांडिया बाजारात मराठी शेजारात राहणाऱ्या बाई गुजरातीचं एक वाक्य न बोलताही मजेत असू शकतात. दोघांची सरासरी सारखीच येईल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. शिवाय या दोन बाजूंची कारणंही वेगळी निघतात. मनाच्या बाजूवर स्वभाव, आयुष्यातले बदल आणि आधार देणारी माणसं यांचा परिणाम जास्त. व्यवहाराच्या बाजूवर सांस्कृतिक अंतर, भाषा आणि स्थानिक लोकांशी येणारा संबंध यांचा.

मराठीपण किती टिकवलं, ही तिसरीच गोष्ट. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांच्या मांडणीत त्यासाठी दोन स्वतंत्र प्रश्न आहेत: आपलं जपायचं का, आणि स्थानिकांत मिसळायचं का. दोन्हीला 'हो' म्हणता येतं. बडोद्यात घरी मराठी आणि दुकानात गुजराती बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, म्हणून "मराठी सोडलं म्हणजे रुळले" हे गृहीतक इथे तरी धरू नका.

मोजपट्टी नव्याने बनवायची गरज नाही. व्यवहाराच्या बाजूसाठी वॉर्ड आणि केनेडी यांची १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजपट्टी आहे. मित्र जोडणं, वाहनव्यवस्था वापरणं, सरकारी कामं, स्थानिक विनोद कळणं अशा गोष्टींत किती अडचण येते ते त्यात १ ते ५ मध्ये नोंदवतात. विल्सन यांनी २०१३ मध्ये तिची २१ प्रश्नांची सुधारित आवृत्ती केली. वेळ कमी असेल तर डेम्स आणि गीरार्ट यांच्या २०१४ च्या छोट्या मोजपट्ट्या घ्या: व्यवहारासाठी १२ प्रश्न, मनासाठी ८. एका बैठकीत वीस प्रश्न सहज होतात. माझं मत छोट्या जोडीकडे झुकतं, पण 'भाषा', 'मूल्यं' असे तिच्यातले एकेका शब्दाचे प्रश्न लोकांना पोकळ वाटतात. तेव्हा त्याच्या जोडीला पहिल्या मोजपट्टीतले सात-आठ ठोस प्रश्न घ्या, मात्र त्यांचे गुण वेगळे ठेवा.

इथे एक खड्डा आहे. १९९९ च्या मोजपट्टीत ५ म्हणजे अतिशय अडचण, २०१३ च्या आवृत्तीत ५ म्हणजे उत्तम जमतं, आणि २०१४ च्या छोट्या मोजपट्टीत ७ म्हणजे अगदी सोपं. हे न पाहता गुण एकत्र केले की सगळे निष्कर्ष उलटेपालटे होतात. फॉर्मवर दिशा बदलू नका, ज्या मोजपट्टीची दिशा उलटी आहे तिचीच एक्सेलमध्ये बदला: १ ते ५ असेल तर ६ वजा गुण, १ ते ७ असेल तर ८ वजा गुण.

खरं काम भाषांतरात आहे. रीत ठरलेली आहे: दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, दोन्ही मसुदे बसून एक करायचे, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, मग फरक तपासायचा. एकच प्रश्न घेऊ. मूळ आशय असा, की आपण बोललेलं समोरच्याला कळतं का. पहिल्या मसुद्यात बहुधा 'आपलं म्हणणं समजावणं' येतं. वाचायला ठीक वाटतं, पण मराठीत समजावणं म्हणजे समजूत घालणंही होतं. उलट भाषांतरात 'लोकांचं मन वळवणं' परत आलं तर आश्चर्य नको. भाषेचा प्रश्न असा वाटाघाटीचा होऊन बसतो. 'गुजरातीत बोलताना, तुम्ही काय म्हणता ते समोरच्याला कळणं' असं लांबट लिहा. लांबट चालेल, दोन अर्थ निघता कामा नयेत.

नंतर इथल्या परिस्थितीशी ताडून पाहा. लोक टक लावून बघतात, हा मूळ यादीतला प्रश्न चारचौघांत वेगळ्या दिसणाऱ्या परदेशी माणसाचा. मराठी माणूस बडोद्यात वेगळा दिसत नाही, सगळे १ लिहितील. हवामानाचंही तेच, नागपूरहून आलेल्याला बडोद्याच्या मे महिन्याचं काय कौतुक? 'नियम पाळणं' विचारलंत तर राज्यातली दारूबंदी मनात ठेवून सगळे साळसूदपणे 'अडचण नाही' म्हणतील. पायलटमध्ये, म्हणजे मुख्य पाहणीआधीच्या छोट्या चाचणीत, ज्या प्रश्नाला दहापैकी आठ-नऊ जण एकच उत्तर देतात, तो मी काढून टाकतो, कारण त्यातून माणसामाणसातला फरक दिसत नाही. 'स्थानिक जेवण' हे तर फारच ढोबळ. गूळ घातलेल्या डाळीने सांगलीकर वैतागतो आणि शेव-उसळीवर खूश होतो, आणि दोन्ही बडोद्याचंच. 'रोजच्या जेवणातली गोड डाळ' असं नेमकं विचारा.

भाषेबाबत लोकांच्या स्वतःबद्दलच्या मतावर विसंबू नका. गुजराती लिपी मराठी माणसाला ओळखीची वाटते, पण तिला शिरोरेषा नाही आणि क, ख, ज, झ, ब ही अक्षरं चांगलीच वेगळी दिसतात. त्यामुळे "वाचता येतं" म्हणणारा पाटीवर अडखळतो. पाच छोटी कामं द्या: बसची पाटी, दुकानाचा फलक, सोसायटीची नोटीस, शाळेचा निरोप, वर्तमानपत्राचा मथळा. प्रत्येकी एक गुण.

पायलटला ३० माणसं पुरतात. त्यातल्या पाच-सहा जणांना उत्तर देताना मोठ्याने विचार करायला सांगा, कारण प्रश्नाचा चुकीचा अर्थ तिथेच पकडला जातो. क्रॉनबाख अल्फा, म्हणजे मोजपट्टीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७० च्या वर हवा. खाली आला तर कोणता प्रश्न बाकीच्यांशी फटकून आहे ते बघा. तो सहसा भाषांतरात बिघडलेला असतो. मुख्य पाहणीत ०.३ एवढा सहसंबंध पकडायचा तर साधारण ८५ जण लागतात. दोन गटांतला मध्यम फरक दाखवायचा तर प्रत्येकी ६४. गुण मोजताना बेरीज न घेता सरासरी घ्या. अडचणीच्या मोजपट्टीत दोन प्रश्न सुटले की बेरीज आपोआप घटते आणि तो माणूस जास्त रुळलेला दिसतो.

एका घरातून एकच माणूस घ्या, आळीपाळीने बाई आणि पुरुष. नवरा-बायकोची उत्तरं एकमेकांवर अवलंबून असतात, ती दोन स्वतंत्र माणसं म्हणून मोजता येत नाहीत. फॉर्म भरताना दुसऱ्याला खोलीत बसू देऊ नका. "हिला काही त्रास नाही हो," हे वाक्य आलं की तो फॉर्म गेला.

वेळही जपून निवडा. मनाच्या मोजपट्टीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. नवरात्रात विचारलंत तर गरब्याचा उत्साह मोजला जाईल, दिवाळीच्या आसपास विचारलंत तर गावची ओढ. गणपतीतही हाच घोळ, कारण बडोद्यात गणपती जोरात असतात आणि मराठी माणसाला घरच्यासारखं वाटतं. जानेवारीत उत्तरायण, म्हणजे पतंगांचा सण, संपल्यावर, फेब्रुवारीत बसा. सगळ्यांची उत्तरं तीन आठवड्यांत गोळा करा.

नव्या जागी रुळताना आधी आनंद, मग घसरण, मग वर, असा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख पुस्तकात दिसेल. त्याचं मूळ लिसगार्ड यांच्या १९५५ च्या अभ्यासात आहे. त्यांनी अमेरिकेत वेगवेगळा काळ राहिलेल्या नॉर्वेजियन लोकांची तुलना केली होती, एकाच माणसाचा मागोवा घेतला नव्हता. वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांना २४ तास, मग ४, ६ आणि १२ महिन्यांनी मोजलं, तेव्हा त्रास सुरुवातीलाच सर्वांत जास्त निघाला. तुमच्याकडे एकदाच मोजायला वेळ असेल, तर 'आल्याला किती महिने झाले' हे नोंदवा, पण त्यावरून कुणाचा प्रवास सांगू नका.

शेवटचा धोका नमुन्याचा, म्हणजे पाहणीसाठी कोणती माणसं निवडली याचा. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली की मंडळात येणारेच सापडतात, म्हणजे मराठी आधार मिळालेले. एकूण नमुन्यात असे एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. बाकीचे कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागातून, शाळांतून आणि सोसायट्यांतून मिळवा. आणि ज्यांना जमलं नाही ती कुटुंबं तर कधीच परत गेली, ती यादीत येतच नाहीत. जुन्या शेजाऱ्यांकडून नंबर घेऊन अशी आठ-दहा घरं तरी फोनवर गाठा आणि तीच प्रश्नावली भूतकाळात विचारा. ती उत्तरं मुख्य आकड्यांत मिसळू नका, वेगळ्या तक्त्यात ठेवा.