ठेकेदार संघटनेत साध्या सभासदाचं काही चालतं का?

प्रश्न असा आहे: तालुक्यातल्या छोट्या ठेकेदारांच्या संघटनेत वर्षानुवर्षं वर्गणी भरतोय, निर्णय मात्र चार-पाच जणच घेतात, साध्या सभासदाला काही बदलता येतं का?

येतं. पण सभेत उभं राहून आवाज चढवून नाही, आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकून तर मुळीच नाही. सभेत काय होणार ते महिनाभर आधी कागदावर ठरलेलं असतं. त्या कागदात जो हात घालतो, त्याचं चालतं.

संघटनेची घटना हातात नसेल तर बाकी सगळ्या गजाली. कोकणातल्या बहुतेक तालुका संघटना संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदलेल्या असतात आणि महाराष्ट्रात त्यांची नोंद सार्वजनिक न्यास म्हणूनही होते. सचिव प्रत देत नसतील तर त्यांच्या मागे फिरू नका. लेटरहेडवर नोंदणी क्रमांक असतो. तो घेऊन जिल्ह्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात नकलेचा अर्ज टाका आणि घटनेबरोबर परिशिष्ट १ चा उताराही मागा. रेकॉर्डवर पदाधिकारी कोण आहेत ते त्यात दिसतं. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत त्याच कार्यालयाला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी खबर, द्यावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं. व्यासपीठावर एक कमिटी, रेकॉर्डवर दुसरीच, असं अनेक ठिकाणी सापडेल. उतारा खिशात असलेल्या सभासदाशी पदाधिकारी नीट बोलतात.

मग स्वतःचा मताचा हक्क तपासा. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून तो मोजलाही जात नाही. नको असलेली माणसं निवडणुकीच्या दिवशी इथेच गळतात. साइटवर खजिनदार भेटला, रोख दिली, पावती नंतर देतो म्हणाला, आणि यादीत नाव ‘थकबाकीदार’. म्हणून वर्गणी संघटनेच्याच बँक खात्यात भरा. अध्यक्षांच्या मोबाइल नंबरवर नको. पावती मागा, आणि निवडणुकीच्या वर्षी मतदार यादी लेखी मागून घ्या.

आता सभेची वेळ. आपल्याकडे मार्चमध्ये जो तो बिलाच्या मागे असतो, एप्रिल-मे डांबर संपवण्यात जातो, गणपतीत आणि शिमग्याला तर कोणी फिरकत नाही. सर्वसाधारण सभा नेमकी अशा वेळी लावली की गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होत नाही. मग ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा’. घटनेत तशी तरतूद असेल तर तहकूब सभेला गणपूर्तीची गरज उरत नाही, आणि आठ-दहा डोक्यांत वर्षाचे ठराव उरकतात. यात बेकायदेशीर काहीच नसतं, म्हणून नंतर बोंब मारून उपयोग नाही. उपाय एकच: सभा जुलै-ऑगस्टमध्ये घ्या, अशी मागणी मे महिन्यातच लेखी द्या. पाऊस लागला की कामं थांबतात आणि माणसं मोकळी असतात.

विषय मांडायचा तर ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून मांडू नका. त्यावर अध्यक्षांची परवानगी लागते आणि नोंद एका ओळीत होते. नोटीस निघायच्या आधी ठरावाचा नेमका मसुदा, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांसह, सचिवांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

हे का सांगतो, ते क्लबिंगच्या एका ठरावावरून कळेल. एकाच भागातले पाच-सहा छोटे रस्ते, एखादी मोरी, संरक्षक भिंत, सगळं एकत्र करून एकच मोठी निविदा निघते. लहान वर्गाची नोंदणी असलेल्याला ती भरताच येत नाही. मोठा ठेकेदार घेतो आणि तीच कामं आपल्याला पोटठेक्याने देतो, त्याचा हिस्सा कापून. एका तालुका संघटनेत लहान सभासदांनी मागणी केली, की कामं एकत्र करू नयेत असं निवेदन संघटनेने कार्यकारी अभियंत्यांना द्यावं. सभेत चांगला तासभर वाद झाला, बहुसंख्य हात वर झाले, सगळे खूश होऊन घरी गेले. इतिवृत्तात ओळ आली: ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.’ ठराव क्रमांक नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. निवेदन गेलं नाही, कारण कागदावर ठरावच नव्हता.

पुढच्या वर्षी विषयपत्रिकेवरचा पहिलाच विषय, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, या वेळी कोणी घाईने पुढे जाऊ दिला नाही. दुरुस्ती तिथेच मागता येते. इतिवृत्त एकदा कायम झालं की तेच खरं. सभासदांनी मसुदा लेखी आणला होता, दुरुस्ती नोंदवून घेतली, नवीन ठराव क्रमांकासह वाचून दाखवायला लावला आणि मगच उपस्थितीच्या वहीवर सह्या केल्या. निवेदन गेलं. क्लबिंग बंद झालं नाही, पण त्यानंतर त्या संघटनेला ‘सभासदांची तशी मागणीच नाही’ असं म्हणता आलं नाही.

‘सभासदांनी वर्गणी भरावी, बाकीचं आम्ही बघतो’ हे मी अनेक वर्षं ऐकत आलोय, आणि ते साफ चूक आहे. संघटनेतल्या सगळ्यांचं हित एक नसतं. जिथे कामवाटप तीन गटांत ३३:३३:३४ टक्के असं होतं, तिथे सुशिक्षित बेरोजगार अभियंता, मजूर संस्था आणि खुला ठेकेदार एकाच कामाकडे तीन बाजूंनी बघतात. कार्यकारिणीत तिन्हींची माणसं नसतील तर जे आत आहेत त्यांचाच विषय पुढे जातो, पदाधिकारी कितीही सज्जन असले तरी. म्हणून अध्यक्षपदाच्या मागे लागू नका. सहचिटणीस किंवा खजिनदार व्हा. नोटीस, इतिवृत्त, पावतीपुस्तक तिथे असतं.

थकलेल्या बिलांच्या निवेदनाबद्दल एक सांगतो, कारण ते सगळ्यात जास्त वेळा दिलं जातं आणि सगळ्यात जास्त वेळा फाइलला लागतं. ‘ठेकेदारांची देयके तातडीने अदा करावीत’ एवढंच लिहिलं तर कोणी काय करणार? सभासदांकडून तक्ता भरून घ्या: कामाचं नाव, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक व दिनांक, एमबीत (मोजमाप पुस्तकात) मोजमाप नोंदल्याची तारीख, देयकाची रक्कम, कोणत्या टेबलावर अडकलं. दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, संपूनही परत न मिळालेल्या अनामत रकमेचा रकाना वेगळा ठेवा. असा तक्ता कोणताही सभासद स्वतः तयार करून कार्यकारिणीपुढे ठेवू शकतो, आणि तयार कागद नाकारणं अवघड जातं.

हे सगळं नोंदणीकृत संघटनेला लागू. काही संघटना नुसत्या लेटरहेडवर चालतात, तिथे संख्याबळ सोडलं तर हातात काही नाही. ट्रेड युनियन म्हणून नोंद असेल तर कागद कामगार खात्याकडे मिळतील. विशेष सभा मागायला किती सह्या लागतात ते घटनेत पाहा, प्रत्येकीचं वेगळं असतं. संस्थेचे उद्देशच बदलायचे असतील तर कलम १२ आहे: दहा दिवसांची नोटीस, विशेष सभेत तीन-पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत पुन्हा तेवढीच.

चेंज रिपोर्टवर हरकत घेणं हे शेवटचं हत्यार. प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहतं, बँक सह्या बदलून देत नाही, आणि संघटना तुमच्यासाठीही बंद पडते. आणि सगळ्यांनी मिळून अमुक टक्क्याखाली निविदा भरायची नाही, असा ठराव कोणी आणला तर त्यावर सही करू नका. आपल्याकडे त्याला रिंग म्हणतात. स्पर्धा कायदा २००२ खाली दंड संघटनेला होतो आणि सामील ठेकेदारालाही.