वरून चकाचक, वाकवल्यावर फट

वेल्डिंगच्या वन-जी टेस्टला (प्लेट आडवी ठेवून वरून वेल्ड) १० मिमीची प्लेट, खाली बॅकिंग पट्टी (सांध्याखालची आधाराची पट्टी). कॅप, म्हणजे वरचा थर, सगळ्यांनी वाखाणली, पण रूट बेंडला, म्हणजे तळाची (रूटची) बाजू ताणली जाईल अशी पट्टी वाकवल्यावर, फट पडली. असं का? – एक वाचक, जळगाव एमआयडीसी

कारण मिगमध्ये (वायर आणि गॅसचं आर्क वेल्डिंग) वायर कुठेही वितळते, प्लेट वितळेलच असं नाही. फ्लॅटमध्ये लोखंड खाली बसतं, म्हणून ही सोपी पोझिशन म्हणतात. पण हात रेंगाळला की तेच पाणी, म्हणजे वितळलेलं लोखंड, आर्कच्या पुढे धावतं, आर्क त्याच्यावरच जळत राहतो आणि खालचं लोखंड थंड राहतं. वरून काही कळत नाही. आर्क कायम पाण्याच्या पुढच्या काठावर ठेवा. रूटला दोन्ही भिंतींवर क्षणभर थांबा, मधून पटकन निघा. बॅकिंग पट्टी आणि भिंत जिथे भेटतात, तो कोपरा वितळताना दिसला पाहिजे.

करंट कमी ठेवून 'सेफ' खेळू नका. १.२ वायर आणि शुद्ध सीओटूवर मी २२० अँपिअर, २६ व्होल्टच्या आसपास सुरुवात करतो. तुमच्या डब्ल्यूपीएसची (वेल्डिंगच्या लेखी पद्धतीची) मर्यादा मात्र मोडायची नाही. प्लेटवरची काळी पापडीही ग्राइंडरने काढा, नुसता ब्रश पुरत नाही. एडब्ल्यूएस डी१.१ या अमेरिकन वेल्डिंग मानकात ३ मिमीपेक्षा मोठी एक फट उघडली की नापास, कॅप कितीही देखणी असो.

टॉर्च ढकलायची की ओढायची? – अमळनेर

रूटला थोडी ओढा, कॅपला ढकला. १०-१५ अंशांपेक्षा जास्त कलू नका.

मे महिन्यात वेल्डला भोकं पडतात. गॅस मिनिटाला २० लिटरवर नेला, तरी तेच. – भुसावळ

कूलर कुठे आहे? पंचेचाळीस डिग्रीत तो बंद करा म्हणणं पाप आहे, पण त्याचं तोंड पाठीकडे वळवा. त्याचा वारा वेल्डवरचा संरक्षक गॅस उडवतो, आणि गॅस वाढवून वारा हरत नाही. उलट जास्त झोताने भोवरा होऊन हवा आत ओढली जाते. १५ लिटर पुरे. नोझलमधला स्पॅटर (उडून चिकटलेले थेंब) काढा. सीओटूच्या रेग्युलेटरवर बर्फ दिसला तर हीटर चालू आहे का बघा.

बेंड टेस्टच्या पट्ट्या कापल्यावर घासायच्या कशा? – आयटीआय, धुळे

ग्राइंडरचे ओरखडे पट्टीच्या लांबीच्या दिशेने हवेत. वेल्डच्या रेषेने घासलं की प्रत्येक ओरखडा फटीची सुरुवात ठरतो. माझी स्वतःची एक चांगली पट्टी अशीच गेली. कडा गोल करा. आणि गरम प्लेट पाण्यात बुडवू नका, चहा पिऊन या.