पेटी उघडू नकोस, अळ्या राहू दे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पक्ष्यांनी घरटं करावं म्हणून लावलेल्या पेटीचा फोटो मिळाला. तीन आठवडे झाले, रोज सकाळी झाकण उघडून बघतेस, आत काडीसुद्धा नाही, म्हणून हिरमुसली आहेस. पेटी पश्चिमेच्या भिंतीवर आहे ना? दुपारी तीन वाजता त्या भिंतीला हात लावून बघ, मग वैशाखात आतल्या पिलांचं काय होईल ते कळेल. रिकामी आहे तोवर ती पूर्वेला, वळचणीखाली, आठ-नऊ फुटांवर लाव. पाऊसही आपल्याकडे नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यापासूनही आडोसा होईल. एकदा आत काडी पडली की मात्र पेटी हलवायची नाही.

दुसरं म्हणजे भोक. तू चिमण्यांची वाट बघते आहेस, पण हे भोक दोन इंचांचं दिसतं. चिमणीला सव्वा इंच पुरतं. त्यातून साळुंकी आत घुसू शकत नाही, म्हणून ते माप. भोकाखालची दांडीही काढून टाक, ती कावळ्याच्याच सोयीची. पहाटे तारेवर बसून शीळ घालणारा काळा-पांढरा पक्षी म्हणतेस तो दयाळाचा नर. ही पेटी त्याच्या जोडीला देऊन टाक. चिमण्यांसाठी दोन-तीन वेगळ्या कर आणि जवळजवळ लाव, त्यांना शेजार लागतो. दयाळाला तो अजिबात चालत नाही.

आता रोज उघडण्याविषयी. काही वर्षांपूर्वी घरी पाहुण्यांची मुलं आली होती. त्यांना पिलं दाखवावीत म्हणून मी झाकण उघडलं. पिलांना पिसं फुटली होती, आणखी एक-दोन दिवसांत ती आपणहून बाहेर पडली असती. घाबरून चारही पिलांनी उड्या मारल्या. तीन कशीबशी कुंपणात शिरली, चौथं मांजरानं नेलं. मादी संध्याकाळपर्यंत चोचीत किडा धरून ओरडत होती. ते ओरडणं मी विसरलेले नाही, म्हणून तुला इतकं बजावून सांगते. माणसाचा हात लागला की त्या वासानं पक्षीण पिलं टाकते, असं आपल्याकडे म्हणतात. वासाचं ते तितकंसं खरं नाही. पण घरटं बांधताना किंवा अंडी घालताना सारखी वर्दळ झाली तर ती खरोखरच जागा सोडते.

मग आत काय चाललंय ते कळायचं कसं? दहा-बारा पावलांवर खुर्ची टाकून अर्धा तास बस आणि चोचीकडे बघ. दयाळाची मादी करडी असते, नरासारखी काळी नसते. तिच्या चोचीत गवत, बारीक मुळ्या दिसल्या की घरटं सुरू झालं. मग ती दिसेनाशी होते, मधूनच दोन मिनिटं बाहेर येऊन घाईनं खाऊन परत आत जाते: ती अंड्यांवर बसली आहे. एक दिवस तीच चोचीत अळी घेऊन आत शिरेल. ती तारीख लिहून ठेव. त्यानंतर आत जाताना अळी आणि बाहेर येताना चोचीत पांढरी, गोळीसारखी गोष्ट दिसेल. ती पिलांच्या विष्ठेची पिशवी. आई-बाप ती लांब नेऊन टाकतात. ती दिसतेय तोवर आत सगळं ठीक आहे.

हे सगळं वहीत उतरव. १९०६-०७च्या सुमारास सलीम अली नावाच्या, पुढे मोठा पक्षीतज्ज्ञ झालेल्या, दहा-अकरा वर्षांच्या मुलानं चिमण्यांच्या एका घरट्याविषयी अशीच टिपणं केली होती. त्यानं एअरगननं नर मारला की मादी लगेच दुसरा नर आणी. सात दिवसांत आठ नर. आज ते वाचताना अंगावर काटा येतो, पण ती टिपणं इतकी चोख होती की साठेक वर्षांनी छापली गेली.

आणि आता बाग, खरं काम तिथेच आहे. तुझ्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर अळ्या पडल्या आहेत, फवारू का, असं विचारलंस. नको. नीट वाकून बघ: लहान असताना ती अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. ती फुलपाखराची अळी आहे. चिमणी एरवी दाणे टिपते, पण पिलांना किडे-अळ्याच भरवते. दयाळाचं तर सगळं घर त्यावरच चालतं. रोप अगदीच लहान असेल तर चार अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेव. माव्यावर पाण्याचा जोराचा फवारा मार. पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यानं पुसून काढ. पालापाचोळा जाळू नकोस, झाडांच्या आळ्यांत पसर. संध्याकाळी पाणी घातलंस की दयाळ शेपूट उभारून तिथेच किडे वेचायला उतरेल. मातीच्या परळात पाणी ठेवतेसच, पण ते रोज घासायचं, नुसतं भरायचं नाही.

पिलं गेल्यावर आठ दिवस थांब. मग जुनं घरटं काढून पेटीत उकळतं पाणी ओत आणि कडक उन्हात वाळव, म्हणजे पिसवा राहणार नाहीत.

तुझी,
मावशी

ता. क. कुंपणाची छाटणी दिवाळीनंतर कर. सध्या कात्री लावायचीच झाली तर आधी पानं उलटून बघ. दोन पानं कापसाच्या धाग्यानं शिवलेली दिसली तर ते शिंपी पक्ष्याचं घरटं आहे, ती फांदी तशीच राहू दे.